निवडुंग, हिमनदी आणि दोन डेसी डोल

सियों शहराच्या मधोमध दोन टेकड्या आहेत. एकीवर वालेरचं किल्ल्यासारखं जुनं चर्च, दुसरीवर तूर्बियोंच्या पडक्या तटभिंती. वालेरच्या उन्हाकडच्या उतारावर, खडकांच्या कपारींत निवडुंग पसरलाय. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला असतो तसला, फड्याचा, काट्यांसकट. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला पिवळी फुलं येतात, आणि तिथेच उभं राहून मान वर केली की बर्फाच्या रांगा दिसतात. हिंदी सिनेमाने आपल्याला जे स्वित्झर्लंड दाखवलं त्यात हिरवी कुरणं होती, गाई होत्या, बर्फात शिफॉनची साडी होती. निवडुंग कुणी दाखवला नाही.

हा वालिस प्रांत. फुर्का खिंडीजवळच्या हिमनदीतून ऱ्होन निघते आणि जिनिव्हाच्या सरोवराला मिळेपर्यंत साधारण १६० किलोमीटर याच प्रांतातून वाहते. तिच्या उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला पेनाइन आल्प्स, आणि दोन्ही रांगांत चार हजार मीटरच्या वरची शिखरं. ढग कुठल्याही दिशेने आला तरी त्याची झोळी डोंगरापलीकडेच रिकामी होते. सियोंला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईला एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. ऊन मात्र वर्षाला दोन हजार तासांच्या वर. शाळेत पर्जन्यछाया शिकताना सह्याद्री आणि त्यामागचे माण-खटाव एवढंच डोक्यात बसलं होतं. इथे ती छाया दोन्ही अंगांनी पडते.

आम्ही राहतो याच प्रांतातल्या फिस्प गावात. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, त्यामुळे गावात मराठी कुटुंबंही आहेत, आणि गणपतीला आरती म्हणायला पुरेसे आवाज जमतात. बर्नकडून येताना लॉट्शबर्गचा साडेचौतीस किलोमीटरचा बोगदा लागतो, २००७ मध्ये सुरू झालेला. नोव्हेंबरात पलीकडच्या तोंडाशी धुकं इतकं दाट असतं की दुपारीही गाड्यांचे दिवे लावावे लागतात. अलीकडच्या तोंडातून गाडी बाहेर पडली की डब्यात लख्ख ऊन येतं आणि समोर डोंगरभर दगडी पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांवर द्राक्षं. स्वित्झर्लंडमधल्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एका प्रांतात आहे. आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं, कारण स्विस वाइनपैकी जेमतेम एक-दोन टक्के देशाबाहेर जाते. बाकीची हे लोक स्वतःच संपवतात. याला मी कंजूषपणा म्हणत असे. आता चांगली समज म्हणते.

मी बागलाणची. सटाण्याजवळ आमची द्राक्षबाग, आधी थॉमसन, मग सोनाका, मध्ये काही वर्षं डाळिंब, त्यावर तेल्या रोग आला तसं परत द्राक्ष. त्यामुळे इथे आल्यावर जिभेला वाइनची चव कळण्याच्या आधी डोळ्यांना बाग दिसली. आणि पहिला प्रश्न पडला तो अगदी शेतकऱ्याच्या घरचा: एवढं ऊन, एवढी कोरडी हवा, मग इथली लाल वाइन इतकी हलकी, इतकी सरळ कशी? उन्हाच्या मुलुखातल्या वाइनला गडदपणा असतो, दारूचा कढ असतो, थोडी शिजलेल्या फळाची चव असते. इथली पिनो न्वार पेल्यातून आरपार दिसते. तोंडात आंबट चेरी, मग जरा मातीचा वास, आणि घोट गेल्यावर जीभ स्वच्छ.

याचं उत्तर रात्रीत आहे. इथली दुपार तीस अंशांच्या वर गेली तरी सूर्य डोंगराआड झाला की बाजूच्या खोऱ्यांतून थंड हवा खाली उतरते. भूगोलात पर्वतीय वारे आणि दरीय वारे असा धडा असतो ना, परीक्षेपुरता पाठ केलेला. तो इथे रोज घडतो. दुपारी सरोवराकडून वारा दरीत वर चढतो, इतका जोरात की नदीकाठची झाडं कायमची एका बाजूला कललीत. रात्री तोच उलटा, गार होऊन येतो. दिवसा पानं साखर तयार करतात. ती घडात चढते. आंबटपणा मात्र उबदार रात्रीत जळून जातो. वेल झोपेतही श्वास घेतो आणि त्या श्वासाला फळातलं आम्ल खर्ची पडतं. रात्र गार असली की हा खर्च कमी होतो. म्हणून इथे साखर भरपूर चढूनही फळाची धार जात नाही.

दुसरी गोष्ट उताराची. हा भाग ४६ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. सपाट जमिनीवर त्याचे किरण तिरपे पडतात, पण ऱ्होनच्या उजव्या तीरावरचा डोंगर दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे तिथे ते जवळजवळ सरळ पडतात. जमीनच सूर्याकडे उचलून धरलीय म्हणा ना. नदी ब्रिगपासून मार्तिन्यीपर्यंत साधारण पश्चिमेकडे वाहते म्हणूनच हे जमलं. मार्तिन्यीला ती काटकोनात उत्तरेकडे वळते आणि सगळा हिशेब बदलतो.

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पिकण्याची दिशा. नाशिक जिल्ह्यात वेलाला हिवाळी झोप नाही. तो बारा महिने हिरवा राहू पाहतो, म्हणून त्याला कात्रीने वेळापत्रक लावावं लागतं. उन्हाळ्यात खरड छाटणी, काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, फळासाठी. आमच्या बागलाणात तर अर्ली माल काढायचा म्हणून फळछाटणी पावसाळ्यातच उरकतात आणि मग रात्र रात्र डावणी रोगाच्या धाकात काढतात. नेहमीच्या हंगामातली वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात. म्हणजे मणी भरायला लागतो तेव्हा थंडी असते आणि पिकत जातो तसं ऊन वाढत जातं. शेवटच्या आठवड्यांत साखर धावते, आंबटपणा कोसळतो, आणि वाइनरीवाल्याला तोडणीचा दिवस अक्षरशः पहाटे ठरवावा लागतो. ऱ्होनच्या दरीत उलटं. फळ ऑगस्टच्या उन्हात रंग धरतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडीकडे तोंड करून पिकतं. शेवट सावकाश होतो. चांगली शिराझ नाशकातही होते, मी आवडीने पिते; पण ती उन्हाच्या शर्यतीत जिंकलेली वाइन असते. इथे शर्यतच नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आले होते ते ऐन तोडणीच्या दिवसांत. आमच्या इमारतीतले एक आजोबा मूळचे फारेन गावचे. गाव नदीच्या वर एका पायरीसारख्या जागेवर बसलंय, समोर खाली फिनचं पाइनचं जंगल. त्यांची तिथे वडिलोपार्जित द्राक्षं आहेत. बाग म्हणवत नाही, कारण सलग काहीच नाही: इथे चार ओळी, तिथे सहा, मध्ये दुसऱ्याची भिंत. वाटण्या होत होत एकेका कुटुंबाच्या वाट्याला डोंगरभर विखुरलेले तुकडे आलेत. आप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सातबाऱ्याचं दुखणं त्यांना माहीत होतं.

आप्पा माळकरी. जन्मभर द्राक्षं पिकवली, वाइन कधी जिभेला लावली नाही आणि लावणारही नाहीत. त्यामुळे त्यांनी सगळी परीक्षा मण्यावरच केली. पिनोचा घड हातात घेतला. मूठभर, गच्च, देवदाराच्या बोंडासारखा. मणी जेमतेम वाटाण्याएवढा. आपल्याकडे एक्स्पोर्टला सोळा-अठरा एमएमचा मणी लागतो. त्यासाठी घडाची विरळणी करायची, जीए या वाढीच्या संजीवकात बुडवायचा, लांबी आणायची. आप्पांनी तो घड उलटासुलटा केला आणि म्हणाले, “हा घड आपल्याकडं बायांनी खालीच टाकला असता गं माय.” मग एक मणी तोंडात टाकला. साल चावली, बिया थुंकल्या, जरा थांबले. “गोड आहे. पण नुसतं गोड नाही.” आजोबांनी खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. त्यावर इथल्या पद्धतीप्रमाणे ओक्सलेचे अंश. ९५ च्या पुढे. मी मनातल्या मनात आकडा बदलून सांगितला, आपल्याकडच्या ब्रिक्स मापात तेवीसच्या आसपास. आप्पांनी भुवया उंचावल्या. खायच्या द्राक्षाला अठरा-वीस आली की आपण व्यापाऱ्याला फोन करतो.

भाषेची अडचण होती. आजोबा बोलतात ती वालिसची जर्मन खुद्द झुरिकच्या लोकांना धड कळत नाही, माझी काय कथा. पण दोघांचं बरंचसं बोलणं हातांनीच झालं. आजोबांनी दगडी भिंतीचा एक पोटफुगा दाखवला, जिथे मागच्या हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने दगड बाहेर आले होते. भिंत कोरडी, चुना-सिमेंट काही नाही. मोठा दगड आडवा, त्याच्या मागे पाचर, पाठीशी खडी भरलेली, पाणी झिरपून जावं म्हणून. दर एका उंचीला एक लांब दगड भिंतीत आतपर्यंत घुसवलेला, बांधून धरायला. सिमेंटची भिंत घातली तर पाणी मागे साठतं आणि एका वसंतात आख्खी भिंत ओळींसकट खाली येते. असल्या भिंती प्रांतभर मिळून तीन हजार किलोमीटर भरतात, असं इथे सांगतात. कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, स्वित्झर्लंडसकट आठ देशांची मिळून. आजोबांना त्याचं काही नाही. त्यांनी पोटफुग्यातला एक दगड काढला, फिरवला, परत बसवला, नाही बसला, परत फिरवला. आप्पा तोवर उकिडवे बसून खालचे दगड लावायला लागले होते. या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री पहिल्या प्रहरी हलकेच ऊब सोडतात. भिंतीला पाठ लावून बसलं की लगेच कळतं.

आणि मग पाणी. इथे आप्पा खऱ्या अर्थाने रमले.

इतक्या कमी पावसात, इतक्या उताराच्या, दगडाळ जमिनीत नुसत्या पावसावर वेल धरत नाही. कुरण तर नाहीच. म्हणून मध्ययुगापासून लोकांनी हिमनद्यांच्या खालच्या ओढ्यांतून पाट काढले. फ्रेंच बोलणारे त्यांना बिस म्हणतात, जर्मन बोलणारे जुओने. बहुतेक जुने पाट चौदाव्या-पंधराव्या शतकातले. सुरुवातीला मुख्यतः गवतासाठी, कारण तेव्हा गुरांना भाव होता, मग द्राक्षांसाठीही. काही पाट किलोमीटरच्या किलोमीटर कड्यावरून जातात. खडकात भोकं पाडून तुळया ठोकलेल्या, तुळयांवर लाकडी पन्हळ, आणि पन्हळीशेजारी एक फळी, देखभाल करणाऱ्याने चालायला. खाली दोनशे मीटर काही नाही. सावियेझ गावचा तोराँ-नफ पाट असाच होता; दुरुस्तीत माणसं मरायची. शेवटी १९३५ मध्ये डोंगरातून बोगदा खणला आणि कड्यावरचा पाट सोडून दिला. आता तिथे झुलते पूल लावलेत आणि रविवारी लोक फोटो काढायला येतात. शंभर फ्रँकच्या आताच्या नोटेवर असाच एक पाट आहे, आयँ गावचा. पाकिटात असते तेव्हा कुणी बघत नाही.

या पाटांवर एक हातोडा असे. पाण्यावर फिरणारं छोटं चाक, त्याला जोडलेला लाकडी हातोडा, तो फळीवर ठक ठक वाजत राहणार. रात्रभर. पाटकरी खोपटात झोपलेला. आवाज चालू आहे तोवर पाणी चालू आहे. आवाज थांबला की त्याला जाग यायची: वर कुठेतरी दरड आली, पन्हळ फुटली किंवा कुणीतरी चोरून पाणी वळवलं. शांततेने जाग येणारा माणूस मला अजून कुठल्या धंद्यात सापडलेला नाही.

पाण्याच्या पाळ्या लाकडी काठ्यांवर कोरलेल्या असत. प्रत्येक घराची खूण, तिच्यासमोर खाचा, जितक्या खाचा तितके तास. अशा काठ्या संग्रहालयात आहेत. आप्पा काचेपुढे बराच वेळ उभे राहिले. आमच्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड म्हणजे शेतांचे सलग पट्टे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एका ठिकाणी एकदम देता येतं. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, दोघांनाही मजुरी धान्यात. आप्पांच्या लहानपणी हे सगळं चालू होतं. नंतर विहिरी आल्या, वीज आली, मोटारी आल्या, वरच्या अंगाला धरणं झाली, आणि बहुतेक फड कोरडे पडले. “आपलीबी पाळी होती अशी,” आप्पा म्हणाले, “फक्त काठी नव्हती. लोकांच्या ध्यानात असायचं.” मग जरा थांबून, “आणि भांडणं पण ध्यानात असायची.”

एक फरक मात्र त्यांना पचायला वेळ लागला. आपल्याकडे ऊन वाढलं की पाणी आटतं. विहिरीचा तळ दिसतो, टँकर येतो. इथे ऊन वाढलं की पाणी वाढतं, कारण वर बर्फ वितळतो. जितका उन्हाळा कडक, तितका पाट भरून वाहणार. तहान आणि पाणी एकाच वेळी येतात. आप्पांनी हे दोनदा विचारून घेतलं. “म्हणजे देवानं टाकीच बांधून दिली यांना वर.” हो. पण टाकी आता रिकामी होत चाललीय. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा एकूण दहावा हिस्सा बर्फ गेला. सध्या पाणी उलट जास्तच येतंय, आणि तेच फसवं आहे.

आता जरा चवीकडे.

रास्पिय नावाचा एक ओढा सिएर आणि साल्गेश यांच्यामध्ये डोंगरावरून उतरतो. त्याच्या एका काठाला फ्रेंच बोलतात, दुसऱ्या काठाला जर्मन. द्राक्षं मात्र दोन्हीकडे तीच. दोन गावांना जोडणारी एक पायवाट मळ्यांतून जाते, दोन्ही टोकांना वाइनचं संग्रहालय. पायांत दम असेल तर ऑक्टोबरात ती चालून बघावी. साल्गेशची जमीन चुनखडीची, तिथली पिनो जरा कणखर असते; १९८८ मध्ये या गावाने पिनोसाठी ग्राँ क्र्यूचे, म्हणजे वरच्या दर्जाच्या वाइनचे, नियम बांधून घेतले, उत्पादनाला मर्यादा, साखरेला किमान पातळी. त्या नियमांमुळे नाव झालं. पण मला खरा जीव आहे तो डोलवर. पिनो आणि गामे ही दोन द्राक्षं एकत्र करून केलेली ही इथली रोजची लाल वाइन. पिनोचा वाटा मोठा असावा असा दंडक. वाइनमधले जाणकार डोलचं नाव काढलं की नाक मुरडतात, कारण मध्यंतरी बरीच वर्षं ती पातळ आणि पोत्याने निघत होती. ते दिवस गेले. गावातल्या खानावळीत बसावं, “दोन डेसी डोल” म्हणावं, म्हणजे दोन डेसिलिटर, छोट्या काचेच्या चंबूत येते, जरा गारच. घरी मी ती शेवभाजीबरोबर घेते. आमच्या काळ्या मसाल्यापुढे भारीतली, लाकडी पिंपात मुरवलेली तुरट वाइन टिकत नाही. तिखटाने तुरटपणा कडू होतो आणि दोघांचाही सत्यानाश होतो. डोल मुकाट्याने बाजूला बसते आणि मसाल्याला बोलू देते.

मानाची द्राक्षं दोन, कॉर्नालाँ आणि उमान्य रूज. यांची वंशावळ म्हणजे गावकीतल्या भाऊबंदकीची केस आहे. कॉर्नालाँचं इथलं जुनं नाव नुसतंच ‘गावठी लाल’ अशा अर्थाचं होतं. वेल लहरी, एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी काहीच नाही. लोक कंटाळले, पिनो लावू लागले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली. १९७०च्या दशकात काही जणांनी उरलेल्या जुन्या वेलांच्या काड्या गोळा करून तिला परत उभं केलं, आणि विकायला बरं म्हणून डोंगरापलीकडच्या, इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातल्या एका द्राक्षाचं नाव दिलं: कॉर्नालाँ. पुढे जोसे व्हुइयामो या वालिसच्याच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला. निघालं असं की आओस्ताची खरी कॉर्नालाँ म्हणजे इथली उमान्य रूज. आणि इथे जिला कॉर्नालाँ म्हणतात ती आओस्तातल्याच मायोले आणि पती रूज या दोन द्राक्षांची लेक. वर उमान्य रूज ही या गावठी लालचीच संतती. म्हणजे आईने लेकीचं नाव लावलंय, आणि तेही परगावचं. दोन खोऱ्यांच्या मध्ये २,४६९ मीटरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे. वेलाच्या काड्या खेचरावर लादून ती ओलांडणाऱ्यांनी नावांची फिकीर केली नसणार. लॉइक गावात एका घराला बिलगलेला गावठी लालचा एक वेल आहे, १७९८ सालचा म्हणून जपलेला. खोड माझ्या मांडीएवढं. अजून फळ धरतो.

कॉर्नालाँ पेल्यात गर्द जांभळी, लवंगेचा वास, काळ्या चेरीचा रस. दिसायला देखणी आणि तिला ते माहीत असतं. हल्ली काही वाइनरीवाले तिला नव्या ओकच्या पिंपात घालून फर्निचरच्या दुकानाचा वास देतात आणि किंमत वाढवतात. मला ते पटत नाही. उमान्य रूज मला जास्त आवडते. उशिरा पिकते, ऑक्टोबर उतरणीला लागल्यावर. त्या दिवसांत दक्षिणेकडून डोंगर ओलांडून फ्योन येतो, कोरडा, गरम वारा. एका रात्रीत हवा दहा अंशांनी चढते, माणसांची डोकी दुखतात, आणि उमान्य पिकून जाते. तिची वाइन जरा रानटी असते: ओला पाचोळा, झाडाची साल, एखादं जंगली फूल, शेवटी जांभळासारखा हलका तुरटपणा. पहिल्या घोटाला ती कुणालाच आवडत नाही. शिकारीच्या हंगामात हरणाच्या मटणाबरोबर इथले लोक हीच घेतात.

वालिसमध्ये विक्षिप्तपणालाही कमी नाही. साइयों गावात तीन वेलांची एक द्राक्षबाग आहे, दीड-पावणेदोन चौरस मीटरची, फारिने नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या खोटी नाणी पाडणाऱ्या लोकप्रिय चोराच्या स्मरणार्थ. गरिबांसाठी काम करणारे फ्रेंच धर्मगुरू आबे पिएर यांच्यानंतर तिची मालकी दलाई लामांकडे गेली. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं काही सांगितलंच नाही.

सगळं आलबेल आहे असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये कडाक्याच्या थंडीने दव गोठलं आणि नुकते फुटलेले कोंब एका रात्रीत काळे झाले. वसंत आता लवकर येतो, म्हणून कोंबही लवकर फुटतात आणि थंडीच्या तावडीत सापडतात. जून २०२४ मध्ये ऱ्होनला पूर आला, सिएरजवळ ती काठ सोडून कारखान्यांत शिरली. निवडुंगाच्या मुलखात पूर. शिवाय या देशात वाइन पिणंच कमी होत चाललंय. तरुण पोरं बिअरही जपून पितात. डोंगरावरच्या पायऱ्यांवर यंत्र चढत नाही, फवारणी हेलिकॉप्टरने किंवा ड्रोनने होते, बाकी सगळं हाताने आणि पाठीने. ज्यांची मुलं झुरिकला बँकेत आहेत त्यांच्या ओळी एकेक करून ओसाड पडतायत. भिंतीत एकदा झुडूप रुजलं की मुळं दगड ढकलतात, आणि दोन पिढ्यांचं काम तीन हिवाळ्यांत कोसळतं.

आमच्या आजोबांचंही तेच. गुडघे गेलेत. मुलगा म्हणतो विकून टाका, पण घेणार कोण. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, वरच्या अंगाच्या चार ओळी, उमान्यच्या, तुम्ही करता का? भाडं नको. भिंत सांभाळा आणि ऑक्टोबरात मला दोन पेट्या द्या. तुझा बाप दगड बरे लावत होता.

नवऱ्याने आधी यूट्यूब उघडलं. मी आप्पांना फोन लावला. वाटलं होतं ते जमीन किती, रोग काय, भाव काय असं विचारतील. त्यांनी एकच विचारलं.

“पाळी कोणत्या वारी?”

मी आजोबांना जाऊन विचारलं. आता तिथे पाटाचं पाणी पाइपातून येतं, तुषारांनी देतात, पण वाटणी जुनीच आहे. शनिवारी सकाळी, ते म्हणाले, सहा ते दहा. मात्र वरच्या ओळींचा मालक नऊलाच कॉक बंद करतो, आणि त्याच्याशी दर उन्हाळ्यात एकदा कडाक्याचं भांडावं लागतं. त्याच्या बापाशी माझा बाप भांडायचा.

आप्पांना हे जसंच्या तसं कळवलं. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

“मग घेऊन टाक,” म्हणाले. “चांगलं रान दिसतंय.”